कशावरून? रसायनशास्त्राच्या तासाला युक्तिवाद घडवणारे शिक्षक तयार करताना

सांगलीतल्या एका शाळेत सराव पाठ चालू होता. नववीचा वर्ग, पंचावन्न मुलं, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन मी. आमच्या बी.एड.च्या छात्राध्यापिकेनं हळदीचे कागद छान करून आणले होते. साबणाचं पाणी लावलं, कागद लाल झाला. "म्हणजे साबण काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात: "आम्लारी!" लिंबू लावलं, कागद पिवळाच राहिला. "म्हणजे लिंबू?" "आम्ल!" फळ्यावरचे दोन्ही रकाने भरले. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, साधं पाणी लावलं तरी कागद पिवळाच राहतोय. मग लिंबू आम्ल आहे हे कशावरून?"

तिनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "पुस्तकात दिलंय ना," म्हणाली आणि पाठ पुढे गेला. मी वहीत 'आशयावर प्रभुत्व: चांगले' असं आधीच लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. पुन्हा लिहिलं. कारण आशय तिला येत होता. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रच होतं तिचं. येत नव्हतं ते वेगळंच: 'कशावरून' विचारणाऱ्या मुलाला वर्गात जागा कशी करून द्यायची. आणि ते तिला शिकवायचं काम आमचं होतं.

पुढची पद्धत त्या पाठानंतर बसत गेली. बी.एड.ला विज्ञान अध्यापन पद्धती शिकवणाऱ्यांना ती वापरता येईल, आणि मार्गदर्शक मिळाला नाही तर चार-पाच छात्राध्यापकांनी मिळून स्वतःही करता येईल. आठवड्याला जोडून दोन तासिका मिळाल्या तर आठ आठवड्यांत होते.

आधी शब्द ठरवा, पण त्यातच अडकू नका

युक्तिवाद म्हटलं की मुलांना वक्तृत्व स्पर्धा आठवते आणि मोठ्यांना कोर्ट. म्हणून पहिल्या तासिकेत तीन शब्द फळ्यावर लिहा: दावा, पुरावा, दुवा. दावा म्हणजे आपलं म्हणणं. पुरावा म्हणजे दिसलेलं, मोजलेलं. दुवा म्हणजे या पुराव्यावरून हा दावा का निघतो ते सांगणारं वाक्य. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली तिचा गाभा हाच. त्यात आणखी तीन भाग आहेत: दुव्यामागचा आधार, 'बहुधा' सारखी मर्यादा, आणि अपवाद किंवा प्रतिवाद. ते नंतर आपोआप येतात. पहिल्या दिवशी सहा खोकी काढून बाण दाखवलेत की छात्राध्यापक आकृती पाठ करतात आणि परीक्षेत काढून मोकळे होतात.

आपल्याकडे याचं जुनं रूप आहे, ते मी आवर्जून सांगतो. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतलं पंचावयवी, म्हणजे पाच भागांचं, वाक्य: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं चुलीत. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. यातलं 'जिथे धूर तिथे आग' हे वाक्य म्हणजे आपला दुवा. त्याच परंपरेत वाद, जल्प आणि वितंडा असा भेद आहे. खरं काय ते शोधायला केला तो वाद, जिंकायला केला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं खोडत बसणं म्हणजे वितंडा. वर्गात गोंधळ माजला की "हे काय चाललंय, वाद की जल्प?" एवढं विचारलं तरी पोरं हसतात आणि आवाज खाली येतो.

यावर एक तासिका पुरे. उरलेला वेळ हात ओले करायला ठेवा.

छात्राध्यापकांना आधी हरू द्या

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो आणि तिला पूर्ण दोन तासिका देतो. ज्याला स्वतःचं ठाम मत पुराव्यापुढे सोडावं लागलेलं नाही, तो वर्गात मुलांना तशी संधी देत नाही. देईल कसा? त्याला ती चवच माहीत नसते.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा घ्या. ताटात पाणी, त्यात शाईचे दोन थेंब, मधोमध मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. का चढतं ते प्रत्येकानं कागदावर लिहून घडी घालायची. माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ जण लिहितात: "आतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, पाणीही तेवढंच चढतं." हे सगळे विज्ञानाचे पदवीधर असतात. हसू नका, बऱ्याच वर्षांपूर्वी मीही वर्गात हेच शिकवलंय.

आता दुव्यावर बोट ठेवा. "ऑक्सिजन संपला म्हणून जागा रिकामी झाली, हे खरं मानायचं तर आणखी काय खरं असायला हवं?" गट करा आणि प्रत्येक गटाकडून एक अंदाज काढून घ्या. दोन अंदाज जवळपास प्रत्येक बॅचमध्ये निघतात. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं. आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तरी पाणी तेवढंच चढायला हवं, कारण पेल्यातली हवा तीच आहे.

मग करून बघायचं. पेला तोच, पाण्याची पातळी तीच. पाणी मुख्यतः ज्योत विझता विझता आणि विझल्यावर झपकन चढतं. तीन मेणबत्त्या लावल्या की ते स्पष्टपणे जास्त चढतं. ताटातल्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून पेला भरभर खाली ठेवला तर सुरुवातीला कडेनं बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर गेली, उरलेली थंड झाल्यावर आकसली, बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं. तीन ज्योतींनी जास्त हवा तापवली, म्हणून पाणी जास्त चढलं.

इथे कोणीतरी म्हणतंच, "पण सर, ऑक्सिजन वापरला तर जातोच ना?" त्याला बसवू नका, फळ्यावर बोलवा. मेणाचं रेणुसूत्र सोयीसाठी सी२५एच५२ धरा. त्याच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात. पाण्याची वाफ थंड होऊन द्रव होते, ती सोडून देऊ. म्हणजे ३८ घनफळ वायू गेला पण २५ परत आला. सगळाच्या सगळा ऑक्सिजन जळला असता तरी हवेचं घनफळ २१ टक्क्यांनी घटलं नसतं. घट झाली असती २१ गुणिले १३ भागिले ३८, म्हणजे साधारण ७ टक्के. आणि ज्योत तर आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. संतुलित समीकरण हा इथे पुरावा नाही, तो दुवा आहे. बी.एस्सी.ची तीन वर्षं समीकरणं संतुलित केलेल्या पोरांना ती कशासाठी करायची हे पहिल्यांदा कळतं, असा त्यांच्या चेहऱ्यावरून माझा समज आहे.

शेवटी घडी घातलेले कागद उघडायचे आणि शेजारी लिहायचं: मत बदललं का, आणि नेमकं कशानं बदललं? "सरांनी सांगितलं म्हणून" असं उत्तर आलं तर तुमचं कुठेतरी चुकलंय.

वाद घालण्याजोगा प्रश्न कसा ओळखायचा

सराव पाठाच्या टाचणात छात्राध्यापक 'चर्चा' असा शब्द लिहून ठेवतात आणि प्रश्न विचारतात: "आम्लाची चव कशी असते?" यावर काय चर्चा होणार! प्रश्नात तीन गोष्टी बघा. किमान दोन उत्तरं मुलांना खरोखर पटण्यासारखी हवीत. त्यांच्यात निवड करता येईल असा पुरावा वर्गात आणता यायला हवा. आणि निवड करताना रसायनशास्त्रातली एखादी संकल्पना वापरावीच लागायला हवी. तिसरी अट लोक विसरतात, मग तासिका गप्पांत जाते.

पाठ्यपुस्तकातलं विधान उलटं करून बघायची सवय लावा. 'द्रव्य अक्षय्यतेचा नियम' शिकवायचाय? विचारा: मॅग्नेशिअमची फीत जाळली, राख उरली, वजन वाढेल की घटेल? लाकूड जाळलेली राख रोज बघणारी मुलं 'घटेल' म्हणणारच, आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. २४ ग्रॅम मॅग्नेशिअमचं ४० ग्रॅम ऑक्साइड होतं हे वहीत सोपं आहे; शाळेच्या काट्यावर फितीचा धूर उडून जातो आणि वजन घटलेलं दिसतं. तो घोटाळा लपवू नका. 'नियम चुकला की आपण काही गमावलं?' हाच पुढचा प्रश्न. (कोणी लोखंडाची तार जाळायची म्हणून दुकानातून भांडी घासायची चकचकीत तार आणतं. ती बहुतेकदा स्टेनलेस असते, जळत नाही. बारीक लोखंडी तारेचा बोळाच हवा.)

सांगली-मिरजेकडच्या छात्राध्यापकांना 'रासायनिक खतं चांगली की वाईट' हा विषय फार प्रिय. सुरुवातीला तो देऊ नका. त्यात घरचं ऊसशेतीचं अर्थकारण, राग, अभिमान सगळं येतं आणि रसायनशास्त्र कोपऱ्यात उभं राहतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात तसा विषय हवाच असेल तर कृष्णाकाठच्या बिघडलेल्या जमिनी घ्या, पण नेमक्या प्रश्नासह: या शेतात जिप्सम टाकावं का? दोन माती अहवाल द्या. एकात विद्युत वाहकता ४ डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत, विनिमययोग्य सोडिअम १५ टक्क्यांच्या आत: ही क्षारपड जमीन. दुसऱ्यात वाहकता कमी, सामू ८.५ च्या वर, सोडिअम १५ टक्क्यांच्या वर: ही चोपण. जिप्सममधलं कॅल्शिअम मातीच्या कणांवर चिकटलेल्या सोडिअमची जागा घेतं, म्हणून ते चोपणला उपयोगी. क्षारपड जमिनीला आधी निचरा लागतो, क्षार पाण्याबरोबर वाहून जायला. गावात दोन्हीला सरसकट 'खारवट रान' म्हणतात आणि तिथेच वाद सुरू होतो. दाव्यात 'क्षार' हा शब्द कोणत्या अर्थानं वापरलाय हे विचारायला शिकणं हाही युक्तिवादाचाच भाग.

पुराव्याच्या चिठ्ठ्या

प्रत्येक शाळेत प्रयोगशाळा असते असं नाही, आणि असली तरी तिची किल्ली असणारे सर नेमके रजेवर असतात. म्हणून चिठ्ठ्या. एका गटाला पाच-सहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकच निरीक्षण. त्यातली एक तरी बिनकामाची, आणि एक तरी दोन्ही बाजूंना वापरता येणारी. मुलांना पुरावा निवडावा लागला पाहिजे.

एक संच इथे पूर्ण देतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजार समितीत हळदीचे सौदे मुलांनी पाहिलेले असतात, तेव्हा प्रश्न घरचाच: 'अ' आणि 'ब' यांपैकी कोणत्या हळद पुडीत मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाची भेसळ आहे?

पहिली चिठ्ठी: 'ब' दिसायला जास्त पिवळीधमक. दुसरी: दोन्हींवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, दोन्ही गुलाबी झाल्या. तिसरी: मग थोडं पाणी घातलं, 'अ' चा गुलाबी रंग गेला, 'ब' चा राहिला. चौथी: मेटॅनिल यलो पिवळा असतो, पण सामू साधारण २ च्या खाली गेला की लालसर होतो. पाचवी: शुद्ध हळदही तीव्र आम्लात लालसर-गुलाबी होते, आम्ल पातळ झालं की पुन्हा पिवळी. सहावी: 'अ' ची किंमत 'ब' पेक्षा जास्त.

घाईचा गट दुसरी चिठ्ठी उचलतो आणि दोन्ही पुड्यांना भेसळयुक्त ठरवतो. 'आम्ल टाकल्यावर गुलाबी झाली तर भेसळ' हे गल्लीत ऐकलेलं असतं. दुवा कच्चा आहे, हे पाचवी चिठ्ठी सांगते. तिसरी आणि चौथी एकत्र वाचणारा गट 'ब' पर्यंत पोचतो. पण खरी गंमत पुढे. आमच्या एका छात्राध्यापकानं विचारलं, "पाणी किती घातलं ते चिठ्ठीत नाही. भरपूर घातलं तर सामू वर जाईल, मग मेटॅनिल यलोही पिवळाच दिसेल की!" अगदी बरोबर. म्हणजे 'रंग टिकला' यावरून भेसळ म्हणता येते, पण 'रंग गेला' यावरून शुद्ध म्हणताना पाण्याचं माप सांगावं लागतं. टूल्मिनच्या रचनेतली ती मर्यादा अशी न शिकवता हाती लागली. प्रत्यक्ष करायचं असेल तर तीव्र आम्ल शिक्षकानंच हाताळायचं, गॉगल आणि हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. मुलांच्या हाती ड्रॉपर द्यायचा नाही.

इतिहासातूनही चांगले संच होतात. मेंडेलीव्हनं १८६९ साली आवर्तसारणी मांडली, ॲल्युमिनिअमखाली एक जागा मोकळी ठेवली आणि तिथल्या मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ असेल असा अंदाज केला. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं. शोधकर्त्या लकॉक द ब्वाबोद्रांनं मोजलेली घनता आली ४.७. मुलांना इथपर्यंतच सांगा आणि विचारा: अंदाज चुकला की मोजमाप? दहावीची बहुतेक मुलं मोजमापाच्या बाजूनं जातात: "डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं असेल?" मग पुढची चिठ्ठी. मेंडेलीव्हनं नमुना पुन्हा शुद्ध करून बघायला सुचवलं आणि शुद्ध नमुन्याची घनता ५.९ निघाली. पुरावाही तपासावा लागतो, हे सांगायला याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही. तरी लगेच उलटी चिठ्ठीही ठेवा: मेंडेलीव्हला वाटे की टेल्युरिअमचा अणुभार चुकीचा मोजलाय, कारण आयोडीनच्या आधी बसायला तो कमी हवा. तिथे मोजमाप बरोबर होतं आणि मेंडेलीव्ह चुकला. क्रम ठरवतो तो अणुअंक.

जीभ आवरायचा सराव

सूक्ष्म अध्यापनाच्या तासिका आपल्याकडे आहेतच, त्यांचाच वापर करा. सहा मिनिटं, समोर सात-आठ सहकारी, एकच कौशल्य: उत्तर न देता वाद पुढे नेणं. शिक्षकाच्या तोंडी शोभणारी वाक्यं थोडीच आहेत, ती घोकली तरी चालतील. कशावरून? हे कोणाला पटत नाही, आणि का? तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग. तुझं चूक ठरायला काय दिसावं लागेल? या दोघांचं म्हणणं एकच आहे की वेगळं?

आणि बंदी असलेले शब्द: 'बरोबर', 'शाब्बास', 'अजून कोणी?' पहिल्या दोन शब्दांनी वाद तिथेच मरतो. तिसऱ्यानं मुलांना कळतं की आधीचं उत्तर चुकलं. मुलं शिक्षकांच्या चेहऱ्यावरचं उत्तर वाचायला बसलेलीच असतात. मान डोलावणंही मोजा. आमची एक छात्राध्यापिका तोंडानं गप्प राहायची, पण बरोबर उत्तर आलं की खडू उचलायची. वर्गानं दोन मिनिटांत ओळखलं.

प्रश्न विचारल्यावर किती थांबायचं? अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतलं संभाषण मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि कारणासह येऊ लागतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात. उभं राहून बघा. आमच्याकडे एकजण मागे बसून बोटांवर मोजतो आणि तीनच्या आत बोललं की टिचकी वाजवतो. पहिल्या दिवशी टिचक्यांचा पाऊस पडतो.

माझी फजितीही सांगून टाकतो. सुरुवातीच्या एका वर्षी हळदीच्या चिठ्ठ्यांवर छात्राध्यापकांत अर्धा तास जोरदार वाद रंगला. मी खूश. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना मी म्हणालो, "ठीक आहे, आता खरं उत्तर मी सांगतो." सगळ्यांनी पेन उघडले. अर्धा तास एकानंही काही लिहिलं नव्हतं. वाद म्हणजे करमणूक आणि अभ्यास म्हणजे सरांचं शेवटचं वाक्य, हे मीच माझ्या तोंडानं शिकवलं. तेव्हापासून शेवटची पाच मिनिटं लिहिण्याची, आणि लिहायचं प्रत्येकानं स्वतःचं.

टाचण ३५ मिनिटांचं, वर्ग साठचा

नेहमीच्या पाठ टाचणात एक रकाना वाढवा: 'अपेक्षित चुकीचे दावे आणि त्यामागचा त्यांचा पुरावा'. हा रकाना भरल्याशिवाय मी टाचणावर सही करत नाही. तो भरायचा तर मुलांशी आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावं लागतं. तेवढंच मला हवं असतं.

वेळ अशी: प्रश्न आणि एकट्यानं लिहिलेला पहिला दावा, ५ मिनिटं. गटकाम १२. वर्गासमोर वाद १२. लेखन ५. उरलेलं मिनिट बाकडी सरकवण्यात जातंच. साठ मुलांचे गट करायला वर्ग हलवू नका. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, चौघांचा गट झाला. चौघांतला एक मुद्दाम विरोधक; त्याचं काम एकच, "पण..." ने सुरू होणारं वाक्य बोलणं. हे काम फिरतं ठेवा, नाहीतर मुळातच भांडखोर पोराला ते कायमचं मिळतं. मुली बोलत नसतील तर गटाचं म्हणणं मांडणारी मुलगी चिठ्ठीनं निवडा. आवाज वाढला तर शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेवा. मुख्याध्यापकांनाही.

लिहिलेलं कसं तपासायचं

वहीत चार ओळींचा साचा पुरतो: 'माझं म्हणणं असं की... कारण मला दिसलं की... आणि हे जोडतं ते असं की... पण कोणी म्हणेल की...' तिसरी ओळ बहुतेक वह्यांत कोरी असते किंवा दुसरीच पुन्हा लिहिलेली असते. छात्राध्यापकांना तपासायला लावा ती तीच.

एक नमुना. "लोखंडी खिळा पाण्यात गंजला, कारण पाण्यानं लोखंड गंजतं." दावा आणि दुवा एकच झाले, पुरावा नाही. त्याच मुलाचं दुसऱ्या खेपेचं: "गंजायला हवाही लागते. उकळून थंड केलेल्या आणि वर तेल ओतलेल्या पाण्यातला खिळा गंजला नाही, उघड्या पाण्यातला गंजला. उकळल्यानं विरघळलेली हवा जाते आणि तेल नवी येऊ देत नाही. पण तेलाचंच खिळ्यावर आवरण बसलं असेल असं कोणी म्हणेल." शेवटच्या ओळीला पुस्तकात उत्तर नाही, पण ती तपासता येते. मी तिला पूर्ण गुण देतो.

गुणांसाठी सिबेल एर्दुरान, शर्ली सायमन आणि जोनाथन ऑस्बोर्न यांनी २००४ साली सुचवलेल्या पाच पातळ्या कामाला येतात. त्या सैल करून मी अशा वापरतो: दाव्यावर नुसता उलटा दावा; दाव्याला पुरावा आहे पण कोणी कोणाला उत्तर देत नाही; प्रतिवाद आहे पण लंगडा; एक स्पष्ट प्रतिवाद; एकाहून जास्त प्रतिवाद असलेला विस्तृत युक्तिवाद. या पातळ्या प्रतिवादावर उभ्या आहेत, रसायनशास्त्र बरोबर आहे का ते त्या बघत नाहीत. ते वेगळं तपासा. सुंदर रचलेला चुकीचा युक्तिवाद मी भरपूर वाचलाय.

आंतरवासितेत

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतली आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची. अभ्यासक्रम पूर्ण करायच्या दडपणाखालचे शाळेतले शिक्षक रोज वाद घालू देणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नको. महिन्याला दोन तासिका मागा. एक पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, शाळेची परवानगी घेऊन, मुलांचे चेहरे न घेता. संध्याकाळी छात्राध्यापकानं स्वतः ऐकून तीन आकडे काढायचे: मी किती वेळा बोललो, मुलांनी मुलांना किती वेळा उत्तर दिलं, 'कशावरून' किती वेळा आलं आणि कोणाच्या तोंडून. मार्गदर्शकाच्या शेऱ्यापेक्षा हे आकडे जास्त बोचतात.

जानेवारी ते एप्रिलमध्ये तासगाव भागात शाळा मिळाली तर बेदाण्याचा प्रश्न सोडू नका. द्राक्षं वाळवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात त्यात १ लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशिअम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल असतं. 'त्यानं साल विरघळते' आणि 'त्यानं सालीवरचा मेणाचा थर विस्कटतो, साल तशीच राहते' असे दोन दावे द्या. बुडवलेल्या आणि न बुडवलेल्या द्राक्षांचं रोजचं वजन हा पुरावा कुठे पुरतो आणि कुठे कमी पडतो, हे ठरवायला लावा. ज्यांच्या घरी शेड आहे ती पोरं त्या दिवशी शिक्षकांना शिकवतात.

सुरुवातीच्या त्या छात्राध्यापिकेनं पुढच्या महिन्यात त्याच वर्गावर पाठ घेतला. या वेळी तिनं हळदीचे कागद आधी चुन्याच्या निवळीत बुडवून लाल करून, वाळवून आणले होते. एकावर पाण्याचा थेंब, लालच राहिला. एकावर लिंबाचा, पिवळा ठिपका उमटला. "आता बोला," म्हणाली आणि खडू टेबलावर ठेवून हात मागे बांधले. खिडकीजवळचा मुलगा उठला. "मॅडम, हे पटलं. पण मिठाच्या पाण्यानं पण पिवळा झाला तर?" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "काय वाटतं तुला, होईल का? कशावरून?" कोणाच्या तरी डब्यात मिठाची पुडी निघाली.